जपानी राजपुत्राची बैठक

आमच्या घरावर चौदाशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका जपानी राजपुत्राची सत्ता होती. भोपाळमधल्या बाबांच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये बाकीच्या घरांत कुणाकडे आजोबांचा धाक असे, कुणाकडे भिंतीवरच्या गुरुमहाराजांचा. आमच्याकडे बाबांच्या टेबलाच्या काचेखाली एक जपानी नोट होती आणि तिच्यावर हा माणूस होता. बारीक मिशी, डोक्याला घट्ट बसलेली टोपी, हातात शाळेतल्या फूटपट्टीसारखी एक पट्टी. लहानपणी मला वाटायचं, हा बहुतेक मारकुटा मास्तर असणार.

बाबा पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेले इंजिनियर. मी पहिलीत असताना कारखान्याने त्यांना सहा महिने जपानला ट्रेनिंगसाठी पाठवलं. तिथे एका यंत्राचे चार बोल्ट जरा सरकवायचे होते, तर त्याचा कागद म्हणे कितीतरी दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि प्रत्येकाने त्यावर आपला शिक्का मारला. बाबांना आमच्या कारखान्याची सवय. तिथे साहेबांनी सांगितलं की झालं, मग ते चूक असो की बरोबर. त्यांनी वैतागून शिकवणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनियरला विचारलं, हे काय चाललंय? त्या गृहस्थाने जेवणाच्या सुट्टीत त्यांना या राजपुत्राची हकीकत सांगितली.

ती हकीकत आम्ही इतक्यांदा ऐकली की मला झोपेतही सांगता आली असती. राजपुत्राची आत्या गादीवर होती आणि कारभार हा बघायचा. दरबारातली घराणी एकमेकांच्या उरावर बसलेली. तेव्हा याने सरदार आणि अधिकाऱ्यांसाठी वागण्याचे सतरा नियम घालून दिले. पहिला असा की मिळूनमिसळून राहणं सगळ्यांत मोलाचं. शेवटचा असा की मोठी गोष्ट कुणी एकट्याने ठरवू नये, अनेकांशी बोलून ठरवावी. आणि मधे कुठेतरी बाबांचा सर्वांत लाडका नियम: समोरच्याला आपलं पटलं नाही तर चिडू नये, कारण आपण काही सर्वज्ञ नाही आणि तो काही मूर्ख नाही, दोघंही साधीच माणसं.

“तो एकाच वेळी दहा जणांचं बोलणं ऐकू शकायचा म्हणतात,” बाबा सांगायचे.

“तुम्ही आधी एकीचं ऐका,” आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची. “कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण आणायचंय.”

आणि आत्याबाईंचा उल्लेख आला की तिचं ठरलेलं: “म्हणजे गादीवर बाई बसलेली, आणि नाव मात्र भाच्याचं झालं!” बाबा हसायचे. ती नोट तिला पहिल्यापासून खुपत होती. एवढ्यात एक चांगला कुकर आला असता, असं तिचं म्हणणं.

जपानहून परत आल्यावर बाबांनी कारखान्यात आपल्या सेक्शनमध्ये हा प्रकार सुरू करून बघितला. एखादी अडचण आली की सगळ्यांना उभं करून विचारायचे, आणि बोलायची सुरुवात सर्वांत नवख्या माणसापासून. त्यांचं म्हणणं असं की मोठा आधी बोलला की धाकट्याचं तोंड शिवलं जातं. लोक त्यांना ‘जापानी साहब’ म्हणायला लागले. वरचे अधिकारी कुचकटपणे म्हणायचे, खालचे प्रेमाने.

घरी मात्र त्यांना आडवं जायला कुणी नव्हतं. रविवारी दुपारचा चहा झाला की आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सतरंजी पसरली जायची आणि बैठक बसायची. आधी मी, कारण मी शेंडेफळ. मग दादा, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मग आई. शेवटी बाबा. सगळ्यांचं एकमत झालं तरच गोष्ट ठरली. मधे कुणी नाही म्हटलं की बैठक तिथेच थांबायची. “घाई नको. मनात घोळू दे. पुढच्या रविवारी बसू,” बाबा म्हणायचे, आणि सतरंजी गुंडाळली जायची.

मला या बैठकीचा केवढा अभिमान होता! शेजारच्या नागपूरच्या काकांकडे मुलांनी मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसलं की पाठीत धपाटा मिळायचा, आणि इथे आठ वर्षांची मी रंगीत टीव्ही घ्यायचा की नाही यावर मत देत होते. वर्गात मी ते तिखटमीठ लावून सांगायचे. मैत्रिणींना खोटं वाटायचं.

आता त्या बैठकी आठवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते, जी तेव्हा कुणालाच दिसली नाही. दादा आणि मी जन्माचे भांडखोर. मी हो म्हटलं की तो नाही म्हणणार, हे ठरलेलंच. त्यामुळे बैठक बहुतेक वेळा आम्हा दोघांतच मोडायची आणि आईपर्यंत पोचायचीच नाही. मग आठवडाभर बाबा आम्हाला एकेकट्याला गाठून समजवायचे. मला सायकलच्या दांडीवर बसवून बरखेड्याच्या बाजारात नेताना, दादाला अभ्यासाच्या टेबलाशी. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गुण्यागोविंदाने एकच बोलायचो, आणि मग आईकडे वळायचं ते नुसतं उपचारापुरतं. ती म्हणायची, “मला चालेल.” एवढं मोठं घर लोकशाहीने चाललं आणि त्यातलं आईचं भाषण म्हणजे हे दोन शब्द.

बाकी दिवसभर ती गप्प बसणाऱ्यांतली मुळीच नव्हती. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, मराठी मंडळाच्या बायकांशी तिची हिंदी-मराठीची खिचडी अखंड शिजत असायची. पण बैठकीत तिला आपला नंबर सोडून मधे बोलता येत नसे, आणि नियम मोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय तो बाबांचा जीव की प्राण. कुणाच्या देव्हाऱ्याला आपण हात लावत नाही, तसं ती त्या बैठकीला लावत नसे.

एकदा टाउनशिपच्या बालवाडीत शिक्षिकेची जागा निघाली. आई लग्नाआधी पुण्यात शिकवत होती. मुख्याध्यापिकाबाई स्वतः घरी येऊन विचारून गेल्या. त्या रात्री आईने कपाटातून तिची एक सुती साडी काढून इस्त्रीला दिलेली मला आठवते. रविवारी बैठक बसली. आधी मी. मी म्हटलं, नको, मी शाळेतून येईन तेव्हा घरात कोण असेल? बैठक थांबली. पुढच्या रविवारीही मी तेच म्हटलं. त्यानंतरच्या आठवड्यात ती जागा भरली.

“एकमत झालं नाही,” बाबा हळहळून म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

“असू दे हो, तिचं बरोबरच आहे,” आई म्हणाली आणि माझी वेणी घालायला बसली.

मी हे कुणाला सांगते तेव्हा लोक म्हणतात, तू लहान होतीस. अहो, तेच तर मी म्हणते! दुसरीतल्या मुलीच्या हातात कुणी आईच्या नोकरीची दोरी देतं का? बाबांसारखा प्रेमळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तरी मला त्यांचा या एका गोष्टीसाठी राग येतो. ते गेले तरी येतो.

पुढे मी त्या राजपुत्राबद्दल थोडंफार वाचलं. ते नियम त्यानेच लिहिले की नंतर कुणी त्याच्या नावावर खपवले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. धाकट्याने आधी बोलायचं, हे तर त्या नियमांत मला कुठेच सापडलं नाही. ती भर त्या म्हाताऱ्या इंजिनियरची असेल किंवा आमच्या बाबांची. आणि त्या शेवटच्या नियमात पुढे असंही आहे की लहानसहान गोष्टींसाठी सगळ्यांना बोलवायची गरज नाही. मी हे बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “पण लहान कुठली आणि मोठी कुठली, हे कोण ठरवणार?”

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं. मिसरोदच्या पुढे एका कॉलनीत त्यांनी छोटंसं घर बांधलं. पुढच्या दाराशी पायऱ्या की उतार, तुळस कुठे, सगळं बैठकीत ठरलं. दादा बंगळुरूला होता, मी पुण्यात, तेव्हा बैठक फोनवर व्हायची. आईने मागच्या अंगणात कढीपत्ता, लिंबू आणि एक पेरू लावला. बाबा रोज सकाळी पेरूखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे. भोपाळमध्ये जन्म काढला तरी हे पहिलंच घर जे रिकामं करून द्यायचं नव्हतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

त्या घरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला.

मी रात्रीची गाडी पकडून हबीबगंजला उतरले. स्टेशनचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडात अजून तेच येतं. दादा विमानाने आला होता. एम. पी. नगरच्या बाजूला एका दवाखान्यात बाबांना ठेवलं होतं. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. पण शुद्धीवर होते. मला बघून त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते पुसायला त्यांचा डावा हात चाचपडत उठला. मी पुसलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “देखिए, मेंदूचं नुकसान बहोत झालंय,” त्याला थोडं मराठी यायचं, “इससे ज़्यादा सुधार की उम्मीद मैं नहीं दूँगा. आप चाहें तो मुंबई ले जाइए, चाहें तो यहीं रखिए, या घर ले जाइए. फ़ैसला घर में कौन लेता है?”

दादा आणि मी एकदम म्हणालो, “हम सब.”

डॉक्टरने आमच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. असं उत्तर त्याला फारसं मिळत नसावं.

खाली कॅन्टीनमध्ये एका डगमगत्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण बैठक आपोआप बसली. दादाचे केस पांढरे झालेले, माझा मुलगा कॉलेजात, आणि तरी त्याने माझ्याकडे बघितलं, कारण सुरुवात माझ्यापासून. मी म्हटलं, घरी नेऊ. दादा म्हणाला, वेडी आहेस का, मुंबईला माझ्या मित्राच्या ओळखीचे मोठे न्यूरॉलॉजिस्ट आहेत, आपण प्रयत्नच नाही केला असं आयुष्यभर वाटत राहील. मी काही बोलायच्या आत तो बाबांच्याच आवाजात म्हणाला, “ठीक आहे. घाई नको. उद्या बसू.” आई समोर थर्मासचं झाकण घट्ट करत होती. ती उठून वर बाबांपाशी गेली.

रात्रभर मी विचार केला. दादाचं चूक कशावरून? मी काही सर्वज्ञ नाही. प्रवासाचा धोका आहे, पण न्यावं मुंबईला, त्याच्या मनाला रुखरुख नको. सकाळी त्याच टेबलाशी मी म्हटलं, “मला मुंबई पटतंय.” दादाने डोकं धरलं. त्याने रात्री त्या मित्राशी तासभर बोलून घेतलं होतं. मित्राने सांगितलं होतं की मुंबईतही वेगळं काही होणार नाही. आणि तो रात्रभर जागून या निर्णयाला आला होता की माझंच बरोबर, बाबांना घरी न्यावं. पण आता मी मुंबई म्हणत होते, आणि माझ्या मनाविरुद्ध त्याला काही करायचं नव्हतं. आम्ही एकमेकांना इतकं समजून घेतलं की पुन्हा दोन टोकांना जाऊन उभे राहिलो. आधी आम्ही हसलो. मग दादा म्हणाला, “आज संध्याकाळपर्यंत दोघंही नीट विचार करू.” संध्याकाळी तपासण्या निघाल्या, डॉक्टर उशिरा आले, आणि गोष्ट दुसऱ्या दिवसावर गेली.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांची शुद्ध गेली.

सकाळी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो तेव्हा मी तोंड उघडलं आणि माझ्या आधी आई बोलली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

“त्यांना घरी घेऊन चला. आत्ता.”

दादाने समोरचा कप बाजूला सारला.

“त्यांना पहिल्याच दिवसापासून घरी जायचं होतं,” ती म्हणाली. “माझी पिशवी उशाशी होती. डाव्या हाताने चाचपून त्यांनी त्यातली घराची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी परत आत टाकली, तर पुन्हा काढून ठेवली आणि माझी मूठ मिटली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, हो, जाऊ या, मुलं ठरवतायत. तर डोळे मिटून घेतले.”

दादा टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. मला रडूही येईना.

दुपारी रुग्णवाहिकेतून आम्ही त्यांना मिसरोदला आणलं. उतारावरून स्ट्रेचर सहज आत गेलं. आईने त्यांचा पलंग मागच्या खिडकीशी लावून घेतला, जिथून पेरू दिसतो. तिने त्यांच्या कानाशी वाकून तीनतीनदा सांगितलं, “अहो, घरी आलोय. बघा, घरी आलोय.” त्यांनी डोळे उघडले नाहीत. ती मला म्हणाली, ऐकू येत असेल. मी म्हटलं, हो, येत असेल. आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

बाराव्याच्या आधी त्यांच्या सेक्शनमधले जुने लोक भेटायला आले. त्यातला एकजण बाबांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला होता आणि आता स्वतः निवृत्तीला आला होता. तो सतरंजीवर बसून डोळे पुसत म्हणाला, “भाभीजी, बड़े साहब तो बहोत देखे. लेकिन मैं नया लड़का था, और वो सबसे पहले मुझसे पूछते थे. मैं भी अपने लड़कों से वैसे ही पूछता हूँ. साहब सबकी सुनते थे.”

ते खरं होतं. त्या माणसासाठी ते अगदी शंभर टक्के खरं होतं, आणि मला बाबांचा केवढा अभिमान वाटला. आईने मान हलवली आणि चहा टाकते म्हणून आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती कप पुसून ताटात मांडत होती. मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, “आई, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाबा शुद्धीत होते, त्यांना घर दिसलं असतं. मग तू तेव्हाच का नाही बोललीस?”

तिने माझ्याकडे पाहिलं ते अशा नजरेने, की एवढं साधं मला कळू नये याचंच तिला नवल वाटलं.

“माझा नंबर आला कुठे होता, बाळा?” ती म्हणाली, आणि चहात साखर घातली आहे की नाही ते चाखून बघितलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ना बाबांबद्दल, ना आमच्याबद्दल. ती थोडी जरी रागावली असती, तरी मला सोसलं असतं.